पहिली धार

“पहिली धार वेगळी धर. पारा एकशे साठच्या वर जाऊन टेकला, की मगच भांडं बदल. त्याआधी येतं ते पाणी. वास मारत असलं, तरी पाणीच.”

तिला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण ऊर्ध्वपातनाला बसलं की त्यांचा आवाज अजून तिच्या कानाशी येई. विभागप्रमुख सरांच्या बाटलीतलं ॲसिड तिने चंबूत ओतलं आणि आच वाढवली. ब्युटिरिक ॲसिडचा वास प्रयोगशाळाभर पसरला. खवट लोण्यावर कुणी ओकावं, तसा. या वासापायी घरी तिची लेक आठवडाभर कुशीत आली नव्हती.

पारा शंभराजवळ थांबला आणि थांबूनच राहिला. थेंबामागून थेंब पडत राहिले. पाव बाटली भरली, तेव्हा कुठे पारा एकशे साठच्या वर चढला; तिने भांडं बदललं आणि पुढे आलेलं ॲसिड मोजलं.

विद्यार्थ्यांना हे ॲसिड कोणत्या पद्धतीने करायला द्यायचं, ते आज चार वाजता समितीत ठरणार होतं. सरांची डायक्रोमेटची जुनी पद्धत, की तिची परमँगनेटची. तक्त्यात सरांचा उतारा, म्हणजे हाती येणारं ॲसिड, ऐंशी टक्के होता, तिचा सहासष्ट. खाली दोघांच्या सह्या हव्या होत्या.

सर दारात आले.

“सर, यात पाणी आहे. तुमचा उतारा अठ्ठावन्नच येतोय.”

“अगं, पहिली धार काय नि शेवटची काय, चंबूतूनच आलंय ना?” सर हसले. “मला काय ठाऊक नाही? वीस वर्षं हाच आकडा देतोय. सही करून टाक. पुढच्या महिन्यात तुझ्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर यायचाय.”

जाताना त्यांनी तिचा खांदा थोपटला.

ती मोरीशी गेली आणि ॲप्रनचा खांदा साबणाने चोळू लागली. एकदा धुतला, पुन्हा धुतला. शेजारी भांडी धुणारे मामा सरांचे चंबू घासत होते. काचेला डायक्रोमेटचा नारिंगी-हिरवा चिकटा होता. फाटक्या हातमोज्यांतून मामांची बोटं दिसत होती. पेरांवर गोल खड्डे, कडा टणक, मध्ये ओलं.

“मामा, हे कधीपासून?”

“नारिंगी भांडी आली की होतं. सुट्टीत भरतं. तुमच्या तपकिरी गाळाने नुसते खांदे दुखतात, कातडी नाही जात.” मामा गालात हसले. “वास मात्र दोघांचा सारखाच हो! डावं-उजवं नाही.”

तिने मोरीची कड घट्ट धरली.

“आता पुन्हा तुमच्या हाती नारिंगी भांडं येणार नाही, मामा. मी बोलते.”

“सगळेच म्हणतात, ताई. मागल्या खेपेचे चश्मेवाले साहेब तर हात बघून रडलेसुद्धा.” मामांनी पुढचा चंबू ओढला. “डोळे पुसले, मग सही केली.”



चारला पाच मिनिटं कमी होती. तिने तक्त्यातले ऐंशी खोडून अठ्ठावन्न लिहिले, शेजारी तारीख घातली आणि खाली सही केली. मग तिने ते पाव बाटली पाणी उचललं. बूच टेबलावरच राहू दिलं.

जिन्यात माणसं नाक दाबून भिंतीला चिकटत होती. ती सावकाश समितीच्या खोलीकडे वर चढत गेली. वाट आपसूक मोकळी होत होती.