मेजवानीआधीच वेटरच्या खिशात

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. माझ्या कडा झिजल्या, अंक पुसट झाले; पण काम मी अजूनही चोख करते.

कारखान्यात माझ्या अंगात चिप बसवली गेली आणि आभासी चलनाच्या एका खात्याशी मला जोडण्यात आले. मग मी कुताइसी शहरात लिफ्टदुरुस्ती करणाऱ्या नोदारांच्या पाकिटात आले. यंत्राला माझा स्पर्श झाला की खाते चालवणारी कंपनी त्या क्षणीच्या भावाने नोदारांची थोडी नाणी विकत असे आणि दुकानदाराला आमचे रोजचे चलन, लारी, मिळे. ब्रेड, पेट्रोल, औषधे, सारे माझ्यामुळे घरी येई.

"ही बघ, हवेतली कमाई!" नोदार पत्नीला सांगत.

"ही हवा एक दिवस निघून जाईल, तेव्हा कळेल," लामारा म्हणे. मला ते खोचक वाटे. नोदारांनी मात्र सारी बचत त्याच खात्यात ठेवली.

त्यांच्या मुलीचे, नातियाचे, लग्न ठरले आणि तेलावी गावाहून व्याही वाख्तांग आले; त्यांच्यासाठी हॉटेलात मेजवानी ठरली. आमच्याकडे बिल भरण्यावरून पुरुष हातघाईवर येतात. म्हणून शहाणा यजमान जेवणाआधीच गुपचूप कार्ड वेटरला देतो. नोदारांनी तेच केले. खात्यात मेजवानी होऊन वर उरेल एवढे होते. मी वेटरच्या खिशात निर्धास्त विसावले.

पण आमची मेजवानी लवकर आटोपत नाही. पेल्यांचा सूत्रधार, तमादा, उठला. पूर्वजांसाठी पेला, मुलांसाठी पेला, द्राक्षवेलींसाठी पेला. दर पेल्याला सारे ओरडत, "गाउमार्जोस!" म्हणजे विजय असो!

"अहो तमादा, नातियाला नातवंडं होतील तोवर तरी संपवा!" लामारा ओरडली. सारे हसले.

तिकडे नाण्याचा भाव कोसळत होता. मला ते कळत होते, पण सांगायला तोंड नव्हते.

अखेर वेटरने मला यंत्राला लावले. लाल दिवा. पुन्हा लाल. तो नोदारांच्या कानाशी वाकला. "काका, पैसे कमी पडतायत म्हणतंय."

नोदारांनी फोन उघडला. भाव पडून खाते आटले होते, वर कंपनीचा निरोप होता: विकणाऱ्यांच्या गर्दीमुळे आता सर्व व्यवहार तात्पुरते बंद. त्यांचा चेहरा उतरला. मुलीच्या सासऱ्यांसमोर यजमानाची अब्रू जाणार होती.

वेटर हसू दाबत म्हणाला, "काका, या दुसऱ्या खिशात आणखी एक कार्ड आहे. पाहुण्यांनी ते तुमच्याही आधी दिलंय."

नोदार गप्प राहू शकले असते. पण ते उठून वाख्तांगांपाशी गेले. "व्याही, माझं कार्ड आडवं झालं. बिल तुम्ही भरताय."

वाख्तांगांनी टेबलावर थाप मारली. "अखेर! जन्मात पहिल्यांदाच कुणी न भांडता मला बिल भरू दिलं! पण व्याही, लग्नाचं जेवण तुमच्याकडून. आधी बँकेत जा."

"हेच मी कधीची सांगतेय!" लामारा म्हणाली.

व्यवहार पुन्हा सुरू होऊन भाव थोडा सावरताच नोदारांनी बचत बँकेत हलवली. माझ्यामागे एवढेच ठेवले, की बुडाले तरी घराची चूल पेटती राहावी.

मित्रांनो, माझ्यावर जरूर विसंबा, पण वापरण्याआधी त्या क्षणीचे खाते पाहा. खात्यामागची कंपनी दार लावून घेऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. ज्या खर्चावर कुणाची अब्रू अवलंबून आहे, तो माझ्यावर सोपवू नका.

लग्नाच्या दिवशी बँकेचे कार्ड गुपचूप वेटरकडे गेले. मी फुलवाल्याच्या यंत्राला टेकले. हिरवा दिवा लागला. नातियाच्या केसांतली पांढरी फुले मी आणली होती.