सफरचंदाची शेवटची बरणी

शिंपीदादांनी जन्मात कधी स्वतःचा चहा स्वतः केला नव्हता, आणि आज सकाळी हा गडी चक्क फ्रेंच टोस्ट करायला उभा राहिला होता. तोही साधा नाही, आत फळ भरलेला! बायको असती तर हसून हसून तिची पुरेवाट झाली असती. पण ती जाऊन महिना होत आला होता. घरात होती ती लेक, आणि ती आतल्या खोलीत बॅग भरत होती. दुपारच्या गाडीनं ती परत निघणार होती.

आई आजारी म्हणून कळल्याबरोबर पोरगी निघाली खरी, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दोन घास खायची आणि ताट सारायची. "आईच्या हातचं एकदा तरी खायला मिळायला हवं होतं," एवढंच एकदा बोलली, आणि ते दादांच्या काळजात रुतून बसलं. कारण आईच्या हातचं घरात होतं! फ्रिजरमध्ये, पार मागे, दालचिनी घालून शिजवलेल्या सफरचंदाच्या फोडींची बरणी. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं लेकीच्या टोस्टसाठी करून ठेवलेली. दादा रोज दार उघडून ती बघायचे आणि पुन्हा लावायचे. बाहेर काढली की संपणार, म्हणून काढवतच नव्हती.

आज मात्र काढली. ब्रेडच्या जाड कापाला बाजूनं चीर देऊन त्यांनी खिसा केला. खिसे कापण्यात दादांचा हात कोण धरणार? कापडाचे हो, लोकांचे नव्हेत! पण भरलेल्या फोडी बाहेर डोकावू लागल्या, आणि त्यातली एकही तव्यावर जळालेली दादांना चालणार नव्हती. मग काय, सुईत दोरा ओवला आणि ब्रेडच्या तोंडाला कच्चा टाका घातला. अंड्या-दुधात बुडवून लोण्यावर परतला. रंग असा सुरेख आला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"बाबा, हा दोरा कसला?" लेकीनं प्लेट जवळ ओढत विचारलं.

"कच्चा टाका आहे. टोक ओढ, सुळकन येईल."

"अहो, टोस्टला कुणी शिवतं का?" महिन्यात पहिल्यांदा ती हसली.

"आत आईच्या हातचं आहे," दादा म्हणाले. "तुझ्यासाठी करून ठेवलं होतं तिनं."

तिचं हसू मावळलं. तिनं हळूच दोरा ओढला आणि पहिला घास घेतला. क्षणभर तिचं तोंड हलायचं थांबलं. मग मान खाली घालून ती खात राहिली. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं, तरी पुसलं नाही.

"कसं झालंय गं?"

"आई करायची तसंच."

प्लेट लख्ख झाली, तेव्हा कुठे दादांचा जीव भांड्यात पडला. बरणीच्या तळाशी चमचाभर उरलं होतं. त्यांनी चमचा उचलला, तशी लेक ताडकन उठली.

"राहू द्या बाबा, मी घासते ती बरणी."

"थांब की, मला चाखू तरी दे."

"नका ना, बाबा!"

पण तोवर चमचा तोंडात गेला होता. खारट! साखरेच्या जागी मीठ पडलं होतं.

दादा चमचा धरून तसेच बसले. त्या दिवशी ते मशीनपाशी एका कोटाची बाही टाचत होते. बायको वाटी घेऊन आली. "जरा चाखून सांगता का? माझ्या जिभेला हल्ली चवच कळत नाही." आणि यांनी तिच्याकडे न बघताच म्हटलं होतं, "तुझ्या हातचं कधी बिघडलंय का?" ती केवढी खूश झाली होती. लगेच बरणीत भरायला गेली.

"टाचण्या होत्या गं तोंडात," दादा म्हणाले आणि लहान पोरासारखे रडू लागले. "काढून ठेवायला कितीसा वेळ लागला असता?"

लेकीनं त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला. "मी सगळं खाल्लंय, बाबा," ती म्हणाली. "एक फोडसुद्धा टाकली नाही."