लोखंडी टोपीवरचं नाव

लेलंड रूडिसिल वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी अल्मा ट्वेटने कोठारातल्या जुन्या गाडीवरची ताडपत्री स्वतःच ओढून काढली. भाऊ व्हर्जिल कुरकुरला, आता कशाला मढी उकरतेस? पण दुपारी लेलंडला शेवटचं बघायला जायचं की नाही हे तिला ठरवायचं होतं, आणि ते या गाडीवाचून ठरणारं नव्हतं.

याच दोन घोड्यांच्या गाडीखाली त्यांचा बाप चिरडून मेला. मक्याने भरलेली गाडी उतारावर असताना चाकांना जोडणारा लाकडी आस मोडला. आसाच्या टोकांना बसवलेल्या लोखंडी टोप्यांवर ‘रूडिसिल’ अशी अक्षरं होती, रूडिसिलांना दोषी धरायला तेवढं आईला पुरलं. लेलंडच्या बापाने घरी येऊन सांगितलं की आम्ही नुसतं लोखंड ओततो, गाड्या बनवत नाही. आईने त्याला दारातूनच हाकललं. गाडी मात्र मोडू दिली नाही, पुरावा म्हणून ठेवली. अल्मा आणि लेलंडचं लग्न ठरल्यात जमा होतं, ते फिसकटलं. आई हट्टाला पेटली की देवाचंही ऐकत नसे, हे खरं. पण अल्माने तरी कुठे तोंड उघडलं? तिलाही ते पटलंच होतं. लेलंड जन्मभर एकटा राहिला, आणि हीसुद्धा.

जुन्या गाड्या दुरुस्त करणारा ओटिस गाडीखाली सरपटत गेला. मोडक्या आसावरून त्याने बोटं फिरवली. मग म्हणाला की असल्या टोप्या कुणीही विकत आणून बसवायचा. त्यावरून गाडी कुणी केली ते कळत नाही, आणि लोक नेमके तिथेच फसतात. गाडीचा सांगाडा एका हातचा, आस दुसऱ्याच हातचा. आस मागाहून घातलेला, तोही ओल्या लाकडाचा. वाळताना आतून चिरला.

“लाकूड तासताना वाकसाचे घाव उलटे पडलेत,” तो म्हणाला. “घडवणारा डावखुरा होता. तुमच्यात होतं का कुणी, मिस अल्मा?”

व्हर्जिलने मान खाली घातली. जेवताना बापाचं डावं कोपर नेहमी अल्माला लागायचं.

“बाबा होते,” ती म्हणाली.

व्हर्जिल म्हणाला की झालं गेलं गंगेला मिळालं, आता गावभर करायची गरज नाही. तिने आत जाऊन काळा कोट चढवला.

चर्चच्या दारात लेलंडची बहीण आयोनी येणाऱ्यांचे कोट घेत उभी होती. अल्माने कोट न काढताच सांगून टाकलं की तो आस आमच्या बाबांनीच घडवला होता, तुमचा काही दोष नव्हता. आयोनी चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली,

“आम्हाला माहीतच होतं ते. मला काय सांगतेस?” तिने हनुवटीने शवपेटीकडे खूण केली. “त्याला सांग.”

अल्मा पेटीपाशी गेली. लेलंडचे पांढरे केस कुणीतरी नीट विंचरले होते, भांग मात्र चुकीच्या बाजूला पाडला होता. तिला त्याला आसाचं सांगायचं होतं. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी खाकरलं, तशी ती बाजूला झाली.