धाकट्या दिराचा पाय

सोजराबाईनं जखमेला चिकटलेल्या पट्टीवर कोमट पाणी सोडलं आणि ती भिजायची वाट पाहत बसली. ओढली असती तर लवकर निघाली असती. बाजेवर पडलेल्या शेषरावनं, तिच्या धाकट्या दिरानं, तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

पट्टी सुटली. टाचेशी जखम खोल गेली होती. शुगरची. रोज धुऊन पट्टी झाली नाही तर पाय काढावा लागेल, असं सेनगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेषरावची बायको वारलेली, मुलं पुण्याला. साखरा गावात जखम धुता येणारी एकच बाई होती, आणि तिच्या दारात जायला त्याला तोंड नव्हतं.

सोजराबाईची उमर मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करण्यात गेली. तिथंच नरसिंगशी गाठ पडली. त्यानं बाप्तिस्मा घेऊन तिच्याशी लग्न केलं, आणि शेषरावच्या लेखी थोरला भाऊ तेव्हाच मेला. पुढं नरसिंग खरोखरच गेला, तेव्हा तिनं दिराकडं एकच गोष्ट मागितली. वाडवडिलांच्या वावरात, बांधाच्या कडेला साडेतीन हात जागा.

"आमच्या वावरात न्हाई," म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

नरसिंगला टेम्पोत घालून हिंगोलीच्या ख्रिस्ती दफनभूमीत न्यावं लागलं. तेव्हापासून ती एकटी. कधी कधी दिवसभर तिच्या तोंडून शब्द निघत नसे. सांजेला शेळीला हाक मारली, की स्वतःचाच आवाज तिला परका वाटे.

यंदाच्या ईस्टरला ती पहिल्या एसटीनं हिंगोलीला गेली होती. पाळकसाहेब सांगत होते, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यांत त्याला धरून देणाऱ्याचेही पाय होते. हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, मान डोलावली होती. त्या दिवशी मान हलली नाही. उपासना संपल्यावर ती नरसिंगच्या कबरीपाशी बसली, वाळलेलं गवत उपटलं आणि दुपारच्या गाडीनं परत आली.

शेषरावच्या दारावरून जाताना आतून वास आला. मांस नासल्याचा. दवाखान्यातल्या बाईला तो सांगावा लागत नाही. ती पुढं गेली. आपल्या घराचं कुलूप काढलं, पुन्हा लावलं आणि माघारी फिरली.

"तुमी काहून आल्या?" त्यानं विचारलं.

"पाय दाखवा."

त्यानंतर ती रोज सकाळी येऊ लागली. पाणी उकळायचं, कोमट करायचं, मीठ टाकायचं, धुवायचं, बांधायचं. तो भिंत बघायचा. ती पाय बघायची.

एकदा भिंतीकडं तोंड ठेवूनच तो म्हणाला, "तुमचा देव सांगतो म्हणून येता न्हवं?"

"व्हय."

"मनानं न्हाई?"

तिचा हात थांबला. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती.

"न्हाई," ती म्हणाली. "मनात तुमची चीड हाय. हितं हात पाण्यात असला की ऱ्हात न्हाई. घरी गेले की दाराशी बसलेली असती."

शेषरावनं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं.

"बराबर हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाज दाराजवळ, उजेडात ओढलेली होती आणि तिला बसायला पाट मांडलेला होता. मग एखादा शब्द निघू लागला. ऊन लई तापून राहिलं. पाणी गरम हाय का. एका सकाळी त्यानं विचारलं, "दादा शेवटाला काय खायचा?"

"जवारीच्या कन्या. ताकात कालवून."

तो बराच वेळ मान हलवत राहिला.

गावात हळद शिजवायच्या भट्ट्या विझल्या, वावरं उघडी पडली, आणि टाचेवर कोवळी, गुलाबी कातडी धरली. सोजराबाईनं शेवटची पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली.

"पाय वाचला. उद्यापासून काही लागत न्हाई. तेवढं तेल लावत जा."

"बरं," शेषराव म्हणाला.

सांजेला भाकरीचा पहिला घास तिच्या तोंडात नुसता फिरत राहिला. सवयीनं तिनं दाराकडं पाहिलं. रोज याच वेळी चीड तिथं येऊन बसायची. आज तीही आली नव्हती.

सकाळी घागर घेऊन ती पाण्याला निघाली. शेषराव दारातल्या बाजेवर बसला होता, पाय पुढं पसरून. समोर पाट मांडलेला.

"काय झालं?"

"दुखून राहिला."

तिनं घागर खाली ठेवली आणि टाच हातात घेतली. कातडी कोरडी होती, स्वच्छ होती. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. पाय जरासुद्धा आखडला नाही. मग आठवल्यासारखं त्यानं तोंड वाकडं केलं.

"हितं?"

"व्हय. तितंच."

सोजराबाईनं टाच लगेच सोडली नाही.

"कच्चंच हाय अजून," ती म्हणाली. "रोज धुवावं लागंल."

आणि पाणी तापवायला ती उठून त्याच्या चुलीकडं गेली.