ओढून नेलेल्या गाडीचा ड्रायव्हर

आमच्या वकिलाने कायद्याची झेरॉक्स गॅरेजच्या टेबलावर आपटली. "नीट वाचा. एक गाडी दुसरीला ओढत असेल, तर मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरणाराही ड्रायव्हरच." एवढं बोलून तो गेला.

माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी गिऱ्हाइकाची बंद पडलेली गाडी गॅरेजात आणायची होती. पुढे जीपमध्ये माझा थोरला भाऊ, दादा; मध्ये दोर, मागच्या गाडीत मी. इंजिनच बंद, मग मी कसला ड्रायव्हर? मी आपला मोबाईल बघत बसलो. वळणावर दादाने जीप वळवली. मी मान वर करून स्टिअरिंग फिरवेपर्यंत गाडीने एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला भिंतीवर चिरडलं होतं. माझं लायसन्स वर्षापूर्वीच रद्द झालेलं. तुरुंग ठरलेलाच. म्हणून दादाने पोलिसांना दिलेल्या जबाबात थाप मारली, "मागच्या गाडीत कोणीच नव्हतं, चूक माझी एकट्याची."

"आता काय करायचं?" वकील गेल्यावर मी दादाला विचारलं.

"तू तोंड बंद ठेवायचं."

तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा शटरखालून वाकून आत आला. त्याने आमचाच व्हील पाना उचलला. "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," दादा म्हणाला.

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दादा खाली कोसळला, तरी पाना पाठीत बसतच होता. एरवी पार्किंगवरून लोकांच्या कॉलरी धरणारा मी खांबाला चिकटून उभा. खरं सांगतो, मनात एकच होतं : अजून दोन फटके, मग हा जाईल आणि मी सुटेन. लाज वाटते, पण हेच होतं.

"भरदिवसा माझा बाप दिसला नाही तुला?" मुलगा ओरडला.

"नाही दिसले," रक्त थुंकत दादा म्हणाला. ते खरंच होतं. तो पुढे बघत होता.

पाना डोक्यावर उगारला गेला.

"मागच्या गाडीत मी होतो!" माझ्या तोंडून निघालं. "मोबाईल बघत होतो. ड्रायव्हर मी."

मुलगा माझ्याकडे वळला. दादाने सरपटत येऊन मोडक्या हाताने त्याचा पाय धरला.

"त्याला सोडा हो! लहान आहे तो."

चाळिशी उलटलेला मी तसाच उभा राहिलो. मुलाने पाय सोडवून घेतला आणि पाना उचलला. मी हात आडवा घातला नाही.