नालोंगोच्या फोनचे नवे डोके

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. अंग जुने, पण डोके नवे. माझा एक कोपरा फुटलेला आहे, पाठीवर शेंगदाण्याच्या रश्श्याचा डाग आहे आणि माझ्या अंगाला कायम केळीच्या पानांचा आणि कोळशाच्या धुराचा वास येतो. तरीही मला कोणी टाकून दिलेले नाही. असे का, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. एका मुलीने माझ्या काचेवरून बोट फिरवले, मी उजळलो, आणि तिने मला डबीत घातले. तिची माझी भेट तेवढीच. पुढे जहाज, ट्रक असा प्रवास करत मी कंपालाच्या एका दुकानात पोचलो. तेथे बाबिर्ये नावाच्या तरुणीने आपल्या पहिल्या पगारातून मला विकत घेतले आणि मसाकाला आपल्या आईकडे पाठवून दिले.

आईला मसाकात सगळे नालोंगो म्हणतात. आमच्याकडे जुळी मुले झाली की आईची नालोंगो होते आणि वडिलांचा सालोंगो. मग त्यांची पहिली नावे कोणी घेत नाही. बाबिर्ये आणि नाकाटो या तिच्या जुळ्या मुली आता मोठ्या होऊन घराबाहेर पडल्या आहेत. नालोंगो समारंभांचा स्वयंपाक करते. केळीच्या पानात बांधून वाफवलेली कोंबडी, म्हणजे लुवोम्बो, तिच्या हातची खाल्ली की माणूस बोटे चाटत पत्ता विचारतो. तो पत्ता म्हणजे मी. सगळ्या मागण्या माझ्यावर येत.

तिच्या कमरेच्या पट्ट्यात खोचलेला मी मसाकाभर हिंडलो. लग्ने पाहिली, बारशी पाहिली, एकदा शेंगदाण्याच्या पातेल्यात पडून परतही आलो. "माझा उजवा हात आहे हा," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तिला नावे लिहीत बसायचा मात्र फार कंटाळा. हाताला केळ्यांचा चीक लागलेला असताना अक्षरे दाबत कोण बसणार? म्हणून ती माझ्यातले क्रमांक चित्रांनी साठवत असे. कोंबडीवाल्याला कोंबडी, मासेवालीला मासा, पाद्रीबुवांना घंटा. ती चित्रे फक्त तिला आणि मलाच कळत.

अशी काही वर्षे आनंदात गेली. मग मी मंदावलो. बोट लावले की बराच वेळ विचार करी. मला ज्यांनी बनवले त्यांनी माझ्यासाठी नवे काही पाठवणे थांबवले. एके दिवशी, ज्यावर मागण्या येत त्या निरोपांच्या ॲपने स्पष्टच सांगितले की पुढच्या महिन्यापासून ते या फोनवर चालणार नाही. नालोंगोने मला चमच्यांच्या खणात टाकले. कधीमधी खण उघडे, एखादा चमचा बाहेर जाई आणि खण बंद होई. मित्रांनो, ते दिवस मला आठवू नयेत असे वाटते.

बाबिर्येने कंपालाहून फोन केला. "आई, टाक तो डबा. मी नवा घेऊन येते."

सालोंगो शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होता. तो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्याने चष्मा वर केला. "डबा काय म्हणून? याची काच धड आहे, बॅटरी धड आहे. म्हातारी झाली आहे ती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे याचं डोकं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून एक नवी बनवली आहे, ती फुकट मिळते. मी घालतो."

"अहो सालोंगो, तुम्हाला घड्याळाची वेळ लावता येत नाही," नालोंगो म्हणाली.

"देशाची राजधानी बदलली तरी डोंगर आणि नद्या तिथेच राहतात. तसंच हे."

"आणि बिघडला तर?"

सालोंगोने प्रामाणिकपणे सांगितले, "मग त्याचा दगड होतो. कायमचा."

"झाला तर शेगडीखाली टेकू देईन. पण लक्षात ठेवा, शनिवारी क्वांजुला आहे. मुलाकडचे मुलीच्या घरी रीतसर ओळख द्यायला येणार, दोनशे माणूस जेवायला. तोवर माझा फोन चालू झाला नाही, तर मटोक्याची सगळी हिरवी केळी तुम्ही सोलायची."

सालोंगोने कबूल केले. त्याने माझ्यातले फोटो, क्रमांक, सगळे आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि मला दोरीने, म्हणजे केबलने, त्याला जोडले. मग माझे डोके पुसले गेले.

तुम्ही विचाराल, डोके पुसले तर पुढचे आणि मागचे तुला कसे ठाऊक? मित्रांनो, या घरात एकच गोष्ट दहा वेळा सांगतात, आणि दर वेळी मी तेथेच असतो.

तर झाले असे की काम निम्म्यावर आले आणि वीज गेली. सालोंगोच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती. त्याच्या पडद्याबरोबर माझाही पडदा काळा झाला. बटण दाबले तरी काही नाही. हलवले तरी काही नाही.

नालोंगो दारात उभी होती. "झाला ना दगड?"

सालोंगोने मला रुमालात गुंडाळले, लॅपटॉप काखेत मारला आणि तडक मुवोंगेच्या केस कापण्याच्या दुकानाकडे निघाला, कारण त्या गल्लीत सौरऊर्जा फक्त त्याच्याकडे होती. मागून नालोंगो, हातात मटोके सोलायची सुरी तशीच.

"बघा हो बघा," ती रस्त्याने सांगत होती, "माझा उजवा हात तोडून रुमालात बांधून नेतायत!"

मुवोंगे एका गिऱ्हाइकाची हजामत करत होता. सालोंगोला पाहताच म्हणाला, "या मास्तर, बसा. दाढी?"

"वीज हवी आहे. तुझं मशीन काढ आणि हे लाव."

"अहो, याचं अर्धंच डोकं झालंय!"

"माझंही अर्धंच झालंय," सालोंगो मला पुढे करत म्हणाला.

ते गिऱ्हाईक मोठ्या मनाचे निघाले. म्हणाले, लावा मास्तरांचे आधी, मला कुठे लग्नाला जायचे आहे. मग लॅपटॉप सुरू झाला, सालोंगोने माझी दोन बटणे एकदम दाबून धरली, आणि दुकानातली सगळी माणसे माझ्यावर वाकली. नालोंगो दाराबाहेर पाठ करून उभी राहिली. तिला बघवत नव्हते. सगळा बाजार आपल्याकडे बघतो आहे हेही तिच्या ध्यानात आले नाही.

येथून पुढचे मला स्वतःला आठवते. आधी एक ठिपका. मग त्याच्याभोवती फिरणारे वर्तुळ. मग प्रकाश, आणि त्यात अर्धी हजामत झालेला एक चेहरा आनंदाने ओरडतो आहे, "जगला! जगला!"

मी विचारले, भाषा कोणती? यादीत सालोंगोला लुगांडा दिसली. त्याने ती निवडली, आणि माझ्या पडद्यावर 'तुकुसान्युकिद्दे' असे उमटले, म्हणजे 'तू आलास, आम्हाला आनंद झाला.' आजवर मी इंग्रजीतच बोलत आलो होतो. नालोंगोने आत येऊन तो शब्द वाचला. मग पुन्हा वाचला.

"हे यालाच म्हणता येतं, की तुम्ही लिहिलंत?" तिने विचारले.

"त्याचं तोच म्हणतोय."

"बरं," ती म्हणाली आणि सुरी हळूच पाठीमागे लपवली, कारण आता कुठे तिचे लोकांकडे लक्ष गेले होते.

घरी जाऊन माझी मांडामांड सुरू झाली. मी बोटाचा ठसा मागितला. चिकाने काळी पडलेली तिची बोटे मला काही केल्या ओळखता येईनात. अंगठा झाला, तर्जनी झाली. शेवटी सुरी धरताना जे कधी वापरले जात नाही, ते डाव्या हाताचे सर्वांत लहान बोट चालले. आजही ती मला त्याच बोटाने उघडते, आणि चहाचा कप धरल्यासारखी ऐटबाज दिसते. मागे जायचे बटण नाहीसे झाले होते, कडेवरून बोट सरकवावे लागे. कॅमेरा भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसला होता. "कोणीतरी माझ्या स्वयंपाकघरातले डबे हलवून ठेवलेत," ती कुरकुरली. पण मी झपाट्याने चालत होतो, निरोपांचे ॲप मुकाट्याने सुरू झाले होते, आणि सालोंगो छाती काढून घरभर फिरत होता.

मग तिने क्रमांकांची यादी उघडली.

कोंबडी नव्हती. मासा नव्हता. घंटा नव्हती. वरपासून खालपर्यंत चित्राच्या जागी एकेक रिकामा चौकोन. क्रमांक सगळे सुखरूप होते, पण चित्रे उतरवून घेताना वाटेत कुठेतरी हरवली होती.

"सालोंगो, माझी माणसं कुठं आहेत?"

तो आला, बघितले आणि हळूच खाली बसला. शनिवार तोंडावर आला होता. पाने, कोंबड्या, कोळसा, सगळे सांगायचे बाकी होते. आपण नवे डोके घातले खरे, पण तिचा हात खरोखरच तोडला, असे त्याला वाटले. "मी लॅपटॉपवर पुन्हा शोधतो," तो म्हणाला. लॅपटॉपवरही चौकोनच होते.

नालोंगो रागावली नाही. त्याचे उतरलेले तोंड पाहून तिला राग आणताच आला नाही. ती शेगडीपाशी बसली, म्हणाली, "आवाजावरून तर ओळखेन," आणि पहिल्या चौकोनावर बोट ठेवले.

त्या दुपारी मी जेवढे बोललो तेवढे आयुष्यात बोललो नाही. पहिल्या चौकोनातून शिंपी निघाला आणि दुखऱ्या गुडघ्याची हकीकत सांगू लागला. दुसऱ्यातून पाद्रीबुवा. "नालोंगो! तू स्वतःहून फोन केलास? प्रार्थनेला येणार आहेस की काय?" तिला रविवारचे कबूल करावेच लागले. एकातून मासेवाली, एकातून कोळसेवाला, एकातून नाकाटोचे सासरे, त्यांनी नातवाचे दात मोजून दाखवले. सालोंगो प्रत्येक चौकोनाचे नाव तिला विचारून नीट अक्षरांत लिहीत होता. केळीच्या पानांचा माणूस तेवढा सापडेना.

तिने आणखी एका चौकोनावर बोट ठेवले. घंटा पुष्कळ वेळ वाजली.

"नामुली?" पलीकडून एका बाईचा आवाज आला.

नालोंगोच्या हातातला डाव तसाच राहिला. जुळी झाल्यापासून तिला नामुली या पहिल्या नावाने हाक मारणारे एकच माणूस उरले होते, तिची थोरली बहीण नांतेझा. दोघी पूर्वी एकत्र स्वयंपाक करत. एका लग्नात शेंगदाण्याचा रस्सा करपला, आणि भर पाहुण्यांत दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवले. तेव्हापासून त्या बाजारातही वेगवेगळ्या वेळी जात. नालोंगोने बहिणीच्या क्रमांकावरचे फूल काढून तेथे मिरची ठेवली होती. क्रमांक मात्र पुसला नव्हता. आता मिरचीही नव्हती.

"का केलास फोन? कोण गेलं?" नांतेझाचा आवाज घाबरला होता.

"कोणी नाही गेलं. सालोंगोने फोनचं डोकं बदललं, सगळ्यांचे चौकोन झाले. मी पानवाल्याला शोधत होते."

"म्हणजे चुकून केलास."

नालोंगोचा अंगठा लाल बटणाच्या अगदी जवळ आला. मित्रांनो, मला हात असता तर मी तो धरला असता.

"हो, चुकून," ती म्हणाली. "पण ठेवू नकोस."

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. मग आवाज आला, "पानं कशाला हवीत?"

"शनिवारी क्वांजुला. दोनशे माणूस."

"दोनशे? एकटीनं? वेडी आहेस का? शेंगदाणे कोण बघणार?"

"तू बघ."

"मी हात लावणार नाही. पुन्हा काही झालं की माझ्यावर येईल."

"मग मीही लावणार नाही."

"मी लावतो की," सालोंगो उत्साहाने म्हणाला.

"नको!" दोघी एकदम ओरडल्या. आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी जे हसणे सुरू झाले, त्याने माझा आवाज फाटायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांतेझा भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. मांडीवर पातेले, खांद्यावर केळीच्या पानांची गुंडाळी. नालोंगो हात पुसत बाहेर आली आणि आमच्या रीतीप्रमाणे थोरलीपुढे अंगणातच गुडघ्यांवर बसली. रात्र कशी गेली, बरी गेली. घरचे कसे आहेत, बरे आहेत. शेत कसे आहे, बकऱ्या कशा आहेत. धाकटी विचारत गेली, थोरली उत्तरे देत गेली, आणि विचारण्यासारखे काही उरले नाही तेव्हा दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मोटारसायकलवाला पैशांसाठी ताटकळत उभा होता. शेवटी सालोंगोनेच पैसे देऊन त्याला वाटेला लावले.

शनिवारी रस्सा करपला नाही. करपणार कसा? पातेल्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या, आणि जागची एकही हलेना. मुलाकडची माणसे तिसऱ्यांदा वाढून घेत होती. बाबिर्येही जेवायला आली होती, पिशवीत नवा फोन घेऊन. तिने मला हातात घेतले, उघडले, इकडेतिकडे फिरवले. "आई, हा तर माझ्या फोनपेक्षा भरभर चालतोय!" ती म्हणाली. पिशवीतली डबी तिने परत नेली. त्या जुन्या लग्नात शेंगदाणे कोणी करपवले, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. आता तो रोज समोरासमोर होतो, एवढेच.

मित्रांनो, जुनी वस्तू मंद झाली की तिला लगेच खणात टाकू नका. तिचे काय दुखते ते कोणा जाणत्याला विचारा. डोके बदलायचे असेल तर जरूर बदला, पण आतले सगळे आधी नीट उतरवून घ्या, ते खरेच उतरले का ते उघडून पाहा, आणि वीज कुठून येणार याची सोय करा. आणखी एक. तुमच्याही फोनमध्ये एखादा क्रमांक असेल, जो पुसवत नाही आणि लावतही नाही. त्यासाठी चौकोनांची वाट पाहू नका. पलीकडून उचलतील की नाही, हे मला सांगता येणार नाही. घंटा वाजवणे एवढेच माझे काम, आणि ते मी अजून चोख करतो.