श्वास कापलेली गाणी

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. वडगाव रासाईतल्या एका घरात, कपाटावर ठेवलेल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात माझा मुक्काम असतो. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेली आहे आणि तोंडावरच्या जाळीला गंज चढू लागला आहे. माईक म्हटलं की तुम्हाला सभेतला, हॅलो हॅलो करणारा माईक आठवेल. मी तसला नाही. मी बंद खोलीत एका जागी उभा राहून ऐकणारा माईक आहे. माझ्यासमोर आजवर एकच माणूस गायला. त्याची गोष्ट मी सांगतो, कारण तो स्वतः ती कुणाला सांगत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानाची. साल दोन हजार पाच. एक उंच, सडपातळ तरुण दुकानात आला. दुकानदाराने मला जोडून दिलं आणि बोलून बघायला सांगितलं. तो हॅलो म्हणाला नाही. त्याने डोळे मिटून हळूच एक ओळ गायली. बिलं लिहिणाऱ्या दुकानदाराने मान वर केली आणि ती ओळ संपेपर्यंत पेन उचललं नाही. त्या दिवशी मी महेंद्रचा झालो.

महेंद्र मूळचा वडगाव रासाईचा. रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होता आणि शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर, गौतमीबरोबर, राहायचा. त्याचे वडील म्हाळू आबा तरुणपणी गायन पार्टी घेऊन गावोगाव फिरलेले. जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांवर त्यांची गाणी व्हायची. ती गाणी आबांनी स्वतः रचलेली होती आणि कुठेही रेकॉर्ड झालेली नव्हती. वयोमानाने आबांचा गळा गेला, ऐकूही कमी येऊ लागलं. आबांची सगळी गाणी आपल्या आवाजात भरून घ्यायची आणि जयंतीच्या दिवशी सगळी एकदम त्यांना ऐकवायची, असं महेंद्रने मनाशी धरलं होतं.

पण पेटी कोण वाजवणार? महेंद्रला पेटी हवी होती ती सम्राटचीच. सम्राट दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. पोरसवदा असल्यापासून तो आबांच्या पार्टीत साथीला बसायचा. महेंद्र कुठे थांबेल, कुठे चढेल, हे त्याला न बघता कळायचं. नेमकी त्याच सुमाराला त्याला रेल्वेत नोकरी लागली आणि बदली मिळाली थेट बिलासपूरला. जाताना सम्राट म्हणाला होता, की आता इंटरनेट आलंय. तू तिकडून गाऊन पाठव, मी इकडून वाजवून पाठवतो. गाणं काय, कुठंही जुळतं.

असं आमचं काम सुरू झालं. महेंद्रने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि टेबलावर मला उभं केलं. माझ्यावर फुंकर येऊ नये म्हणून गौतमीने भरतकामाच्या लाकडी रिंगवर तिच्या ओढणीचा पातळ तुकडा ताणून माझ्यापुढे बांधला. खिडकीला गोधडी लावली. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग कधी संपायची नाही. जरा शांतता झाली की गौतमी दारातून हाताने खूण करायची आणि महेंद्र गायला लागायचा.

पहिलं गाणं फसलं. महेंद्र आपल्या चालीने गायला, सम्राटने आपल्या चालीने वाजवलं आणि दोन्ही एकत्र लावल्यावर पेटी पुढे पळू लागली, आवाज मागे राहू लागला. दोघं फोनवर खूप हसले. मग त्यांनी युक्ती काढली. सम्राट आधी नुसता ताल पाठवायचा. महेंद्र तो हेडफोनमध्ये ऐकत गायचा. मग त्याचा आवाज बिलासपूरला जायचा आणि तिथून त्याच्या मापाची पेटी परत यायची.

फाईल पाठवणं सोपं नव्हतं. महेंद्र पेन ड्राईव्ह घेऊन चौकातल्या सायबर कॅफेत जायचा. मी तिथे कधी गेलो नाही, पण घरी येऊन तो गौतमीला सांगायचा ते ऐकायचो. आख्खं गाणं मेलमधून जात नसे. मग मुखडा एका मेलमध्ये, अंतरा दुसऱ्यात. पुढे कुणीतरी फाईली ठेवायची एक फुकटची साईट सांगितली. तिथे फाईल चढवताना पडद्यावरची पट्टी अगदी टोकाला पोहोचायची आणि लाईट जायची. की पुन्हा पहिल्यापासून.

तरी ते दिवस सुखाचे होते. पहिल्यांदा आवाज आणि पेटी बरोबर जुळली, तेव्हा महेंद्रने स्पीकरचा आवाज मोठा केला. शेजारच्या खोल्यांमधले कामगार दारात येऊन उभे राहिले. त्यात बिहारचे होते, लातूरचे होते. एकाने विचारलं, पेटीवाला कुठे बसलाय? महेंद्र म्हणाला, बिलासपूरला. त्यांना ते खरंच वाटेना. मलाही अभिमान वाटला, मित्रांनो. एवढ्या लांबच्या दोन माणसांच्या मध्ये मी उभा होतो.

एक एक करत बहुतेक गाणी झाली. त्याच सुमाराला कारखान्यात महेंद्रला पेंट शॉपमध्ये घातलं. दिवसभर बंद जागेत लोखंडी भागांवर रंगाचा फवारा मारायचा. मास्क मिळायचा, पण त्याची जाळी रंगाने बुजली तरी लवकर बदलून मिळत नसे, असं तो सांगायचा. घरी आला की त्याच्या शर्टाचा वास माझ्यापर्यंत यायचा, उग्र आणि गोडसर.

मग खोकला सुरू झाला. आधी दोघांना वाटलं सर्दी असेल. गौतमीने हळद-दूध दिलं, वाफ दिली. पण खोकला गाण्यातही येऊ लागला. प्रत्येक ओळ संपून श्वास घेतला, की त्या श्वासाबरोबर खोकला. महेंद्रने त्यावर उपाय शोधला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. त्यात खोकला कुठे आहे तो ओळखून महेंद्र तेवढा भाग पुसून टाकायचा. त्याबरोबर श्वासही पुसला जायचा. उरायची ती स्वच्छ ओळ, मग कोरी जागा, मग पुन्हा स्वच्छ ओळ. मी जे ऐकलं होतं आणि बिलासपूरला जे जात होतं, ते आता एक राहिलं नव्हतं.

एकदा सम्राटचा फोन आला. महेंद्रने मोबाईलचा स्पीकर लावला होता.

"महेंद्र, गाणं झ्याक झालंय. पण तू श्वास कुठं घेतो तेच कळंना," सम्राट म्हणाला. "मी पेटी तिथं सोडत असतो. श्वासच ऐकू येत न्हाई."

"कॉम्प्युटरवर साफ करतोय मी. स्वच्छ वाटतं."

"साफ नको करू. ऱ्हाऊ दे तसंच."

महेंद्र हो म्हणाला. फोन ठेवल्यावर गौतमी म्हणाली, की त्याला खरं काय ते सांगायला पाहिजे होतं. त्यावर महेंद्रचं म्हणणं असं, की एवढ्या लांब बसून तो काय करणार, उगीच जिवाला घोर लावून घेईल. गाणी पुरी होऊ देत, मग सांगू.

गौतमी त्याला शिरूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, आधी ते काम सोड. महेंद्रने सुपरवायझरकडे दुसऱ्या खात्यात बदली मागितली. सुपरवायझरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की तुझं नाव पर्मनंटच्या यादीत आहे, आता खातं बदललंस तर नाव मागे पडेल, थोडी कळ काढ. महेंद्रने कळ काढली. पर्मनंट झालो की आबांना आणि आईला शिक्रापूरला आणू, असं तो गौतमीला सांगायचा. बोलता बोलता त्याला धाप लागायची.

शेवटचं गाणं राहिलं होतं. ते आबांचं सगळ्यांत लाडकं. वस्तीतल्या पहिल्या शाळकरी पोरीवर रचलेलं. 'पाटी हाती आली तवा उजाडलं गं गावात', अशी त्याची ओळ होती, आणि 'उजाडलं' हा शब्द अगदी उंचावर होता. प्रत्येक अंतऱ्यानंतर तिथेच यायचं. महेंद्र रोज कामावरून आला की माझ्यासमोर उभा राहायचा. 'पाटी हाती आली तवा' इथपर्यंत आवाज यायचा. पुढे नुसती हवा यायची. ओढणीच्या तुकड्यातून ती माझ्या तोंडावर यायची आणि तिच्यात सूर नसायचा.

एके दिवशी ती ओळ कशीबशी एकदाच नीट लागली. महेंद्रने तीच उचलून प्रत्येक अंतऱ्यानंतर चिकटवली आणि गाणं पाठवून दिलं. काही दिवस सम्राटचा फोनही आला नाही, पेटीही आली नाही.

मग एका दुपारी दारावर थाप पडली. दारात सम्राट उभा होता. रजा काढून तो निघाला, दौंडला उतरला आणि घरीही न जाता न्हावऱ्यामार्गे तसाच शिक्रापूरला आला होता. महेंद्र त्याला ये म्हणायला गेला, तर घशातून घरघर आली. सम्राटने पिशवी खाली ठेवली आणि त्याला धरून आत बसवलं. नंतर त्याने सांगितलं, की ती ओळ सगळीकडे एकसारखी ऐकू आली. तोच कंप, तसाच शेवट. आणि जिता माणूस एकच ओळ दोनदा सारखी गात नसतो.

"एका शब्दानं सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "मी पट्टी खाली घेतली असती. थांबलो असतो. तवाच आलो असतो."

महेंद्र पाणी प्यायला. "समोर असतास तर झाकता आलं नसतं," तो म्हणाला. "लांब व्हतास म्हणून जमलं."

संध्याकाळी महेंद्रनेच हट्ट धरला, की एकदा गाऊन बघतो, तू पट्टी खाली घे. सम्राटने शेजारच्या गावातून पेटी मागून आणली. खूप वर्षांनी दोघं एकमेकांसमोर बसले. सम्राटने अगदी खालून सुरू केलं आणि महेंद्रच्या तोंडाकडे बघत वाजवत राहिला. त्याचा प्रत्येक श्वास होईपर्यंत तो पेटी धरून ठेवायचा. मुखडा झाला. अंतऱ्याची अर्धी ओळ झाली. मग महेंद्र खोकत खोकत जमिनीवर वाकला. गौतमीने त्याची पाठ चोळली. सम्राटने पेटीचा भाता बंद केला. त्यानंतर माझ्यासमोर कुणी गायलं नाही.

महेंद्रने कारखाना सोडला. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की दम आता जन्माचा सोबती आहे, गळाही पहिल्यासारखा होणार नाही. पर्मनंटच्या यादीचं पुढे कुणी काही बोललं नाही. वडगावला परत जायचं ठरलं. सामान बांधायच्या आधी, उन्हाळ्यात, लाईट जाऊन एकदम मोठ्या दाबाने आली आणि कॉम्प्युटरमधून जळका वास आला. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क गेली, आतलं काहीच निघणार नाही. महेंद्र फारसा हादरला नाही. सगळी गाणी सम्राटकडे आहेत, असं तो गौतमीला म्हणाला. तिने बिलासपूरला फोन लावला.

तेव्हा सम्राटने खरं काय ते सांगितलं. त्याच्या कॉम्प्युटरवर जागा कमी होती. पेटी भरून पाठवली, की महेंद्रच्या आवाजाची फाईल तो पुसून टाकायचा, कारण मूळ तर शिक्रापूरला आहे. परत गेल्यावर पाटीच्या गाण्याची पेटी भरून पाठवली, तेव्हाही त्याने तेच केलं होतं. महेंद्रला वाटत होतं, एक प्रत तिकडे आहेच. मेलमधले सुरुवातीचे तुकडे जागेसाठी कधीच पुसले गेले होते, आणि त्या फुकटच्या साईटनेही बरेच दिवस कुणी न उघडलेल्या फाईली काढून टाकल्या होत्या. सम्राटकडे उरली होती फक्त पेटी आणि ताल. त्याने त्याची सीडी केली आणि टपालाने वडगावला पाठवली.

आम्ही सगळे वडगावला आलो. आबा रोज विचारायचे, माझी गाणी झाली का. शेवटी एका सकाळी महेंद्रने शेजाऱ्याकडून सीडी प्लेअर आणला आणि आबांच्या कानाला हेडफोन लावून दिला. मी तिथेच खाटेवर पडलो होतो. पाटीचं गाणं लागलं. आबांचा चेहरा उजळला, बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. सुरुवातीची पेटी संपली. आता आवाज यायचा होता. तिथे सम्राटने जागा सोडली होती, आणि नुसता ताल चालू राहिला. आबा ठेका धरून थांबले. मग त्यांनी महेंद्रकडे बघितलं.

"गाणं कवा सुरू व्हायचं, म्हैंद्रा?"

"व्हईल आबा," महेंद्र म्हणाला. ते आबांना ऐकू गेलं नाही. ते सीडी संपेपर्यंत तसेच वाट बघत बसले.

त्या दिवशी गौतमीने मला या डब्यात ठेवलं.

मित्रांनो, माझी जाळी पुसा, मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, माझ्यासारखे बाजारात पुष्कळ मिळतात. पण तुमचं कुणी लांब असेल आणि त्याच्याकडून नेहमी चांगलंच ऐकू येत असेल, तर एकदा जा आणि त्याच्याजवळ बसा. त्याचा आवाज ऐकाल तसा श्वासही ऐका. तो अडत असेल तर वेळ असतानाच त्याला विचारा. मला सगळं ऐकू येत होतं, पण कुणाला हाक मारणं मला जमत नाही. तुम्हाला जमतं.